आधीची काडी, नंतरची सुई

बांगड्यांची पेटी वर्षभर झटकली नाही की तळाला फुटक्या काचा साठतात. हिरवी, लाल, जरीची. कुठल्या गावात कुठल्या हातावर फुटली याचा पत्ता नसतो, पण हात घातला की टोचतेच! माझ्याकडचे किस्से असेच साठलेत. चाळीस वर्षं सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून गावोगाव बायकांना बांगड्या भरल्या. ते किस्से सांगितले तर म्हातारपणी मार खाईन. म्हणून हे डॉक्टर लोकांचे सांगतो. डॉक्टर मारत नाहीत, फक्त लिहून घेतात.

मी गफूर मनियार, राहणार पाली, जिल्हा बीड. शिक्षण चौथी. चौथीत तीन वर्षं होतो, त्यामुळे माझी चौथी तुमच्या चौथीपेक्षा पक्की आहे.

झालं काय, लहान पोरांच्या न्युमोनियाची लस आमच्या जिल्ह्यात यायची होती. ती यायच्या आधी आया आणि पोरांच्या नाकात ते जंतू किती आहेत ते बघायचं, आणि लस आल्यानंतर पुन्हा बघायचं, असा एक अभ्यास निघाला. त्यासाठी मोठ्या शहरातून एक डॉक्टर आले. माणूस गोरा, चष्मेवाला, सज्जन. पण प्रत्येक वाक्यात एकदा 'आधी' आणि एकदा 'नंतर'. चहा पितानासुद्धा, "आधी पाणी द्या, साखर नंतर." मी त्यांचं नाव ठेवलं आधीनंतरसाहेब. त्यांना ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. हसले बिचारे. अर्थात नंतर!

*

मला कामावर घेतलं तो किस्सा आधी.

साहेबांबरोबर आमच्या आष्टीच्या सुनंदा सिस्टर होत्या. दोघं जीप घेऊन लिंबागणेशच्या पल्याडच्या एका वाडीत गेले आणि दुपारपर्यंत एक बाई घराबाहेर आली नाही. दोघं तोंड पाडून लिंबागणेशला हॉटेलात चहा पीत बसलेले. मी शेजारच्या बाकड्यावर. सिस्टरच्या लग्नाचा चुडा मीच भरलेला, त्यामुळे त्यांनी मला ओळखलं आणि साहेबांना म्हणाल्या, "ह्या चाचाला घ्या आपल्यात. सगळी गावं ह्यांच्या ओळखीची हायत."

साहेबांनी विचारलं, "चाचा, अनुभव काय तुमचा?"

मी म्हटलं, "साहेब, इथल्या चाळीस गावांतल्या प्रत्येक बाईचा हात धरलाय मी."

साहेबांचा चहा नाकातून बाहेर आला. सिस्टरनी पाठ चोळत समजावून सांगितलं की चाचा मनियार हायत, बांगड्या भरतात. मी पुढं सांगितलं की नावं मी विसरतो, पण मनगट विसरत नाही. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, प्रत्येकीचं माप डोक्यात आहे. साहेबांनी नाक पुसलं आणि मला घेतलं. त्या अभ्यासातलं ते पहिलं नाक.

कागदावर माझा हुद्दा 'समुदाय समन्वयक'. काम म्हणाल तर पोरांची डोकी धरणं! म्हणजे असं, की आई पोराला मांडीवर घेऊन बसणार. सिस्टर कापसाची बारीक काडी नाकात घालणार. ती काडी नुसती नाकात जात नाही, पार डोळ्याच्या मागं जाऊन घंटी वाजवून येते. त्या वेळी डोकं हललं तर सगळं वाया. म्हणून मी पाठीमागून दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि म्हणायचं, "वर बघ, चिमण्या मोज." पोराचं झालं की आईचं. चिमण्या दोघांनाही मोजायला लावायचो. एकजण सोडली तर तीनच्या पुढं कुणी गेलं नाही.

*

वाडीत पहिली सभा भरली शाळेच्या पडवीत. साहेबांनी फार छान समजावलं. म्हणाले, हे जंतू निरोगी माणसाच्या नाकातही राहतात, काही त्रास देत नाहीत, पण लहान बाळाच्या छातीत उतरले तर न्युमोनिया होतो.

पुढं बसली होती द्वारकाबाई. वाडीतलं सगळ्यात मोठं तोंड, मनगट दोन-आठ. ती म्हणाली, "त्रास देत न्हाईत तर मग ऱ्हात्यात कावून? भाड्यानं?"

साहेब म्हणाले, "तसंच समजा आजी."

"मग त्यान्ला काडी घालून उठवता कशाला?"

साहेबांनी चष्मा पुसला. साहेब चष्मा पुसतात तेव्हा उत्तर शोधत असतात, हे मला एव्हाना कळलं होतं. द्वारकाबाईनं सोडलं नाही. म्हणाली, आधी तुमच्या नाकात घालून दाखवा, मग आमच्या पोरांना हात लावा. सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. साहेब हसून म्हणाले, "माझं नाक या अभ्यासात येत नाही, आजी. यादीत फक्त आया आणि मुलं आहेत."

आता काम अडणार. मग मीच पुढं झालो आणि म्हटलं, सिस्टर, माझ्यात घाला. सिस्टरनी काडी घातली. ती घंटी वाजली आणि मला काय हुक्की आली काय सांगू! डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली आणि धाडकन पडवीत पडलो.

अर्ध्या मिनिटात पडवी रिकामी. पोरं, आया, दोन शेळ्या, सगळे पसार. मी एक डोळा उघडून बघितलं तर फक्त दोघं उरलेले. साहेब माझी नाडी बघत होते आणि द्वारकाबाई माझ्या खिशातली तंबाखूची पुडी काढत होती. म्हणाली, "मेलाय तर ह्याला कशाला लागतीय."

सिस्टर माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. साहेबांनी मात्र वहीत लिहिलं, 'समुदायात भीती आढळली.'

*

भीती घालवली ती मंदानं. मंदा म्हणजे द्वारकाबाईची सून. मनगट दोन-सहा. हाडं बारीक, बोलणं त्याहून बारीक.

तिची गोष्ट वाडीला माहीत होती, साहेबांना नव्हती. घरचे ऊसतोडीला गेले असताना तिची पहिली पोरगी कारखान्याकडच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दगावली. उसाच्या शेंड्यांची, वाढ्याची कोपी, थंडीचे दिवस, पोरीची छाती भरली, बरगड्या उडायला लागल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्यानंतर झालेला मुलगा आता आठ महिन्यांचा, त्याला सगळे बारक्या म्हणत. त्याला मांडीवर घेऊन मंदा सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

तिनं एकच प्रश्न विचारला. "ह्या काडीनं त्या छातीच्या आजाराची सुई मिळंल का?"

साहेब म्हणाले, "हो. आधी काडी, नंतर सुई. तसाच अभ्यास आहे."

साहेब बोलले ते सबंध जिल्ह्याबद्दल. मंदानं ऐकलं ते बारक्याबद्दल. दोघंही खरं बोलत होते, आणि मी मध्ये बारक्याचं डोकं धरून उभा होतो. मला त्यातलं काही कळलं नाही, नाहीतर तिथंच काहीतरी बोललो असतो.

मी तिचं डोकं धरलं, चिमण्या मोज म्हटलं. मंदानं डोळा मिटला नाही. अकरा मोजल्या! सिस्टर काडी काढून बाजूला झाल्या तरी ही मोजतच. तिला सतरा नंबरचं कार्ड मिळालं. तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागं ठेवलं. ते बघून दुसऱ्या दिवशी सगळी वाडी नाक घेऊन हजर.

*

पुढच्या उन्हाळ्यात लस आली. उपकेंद्राला फुलांच्या माळा, मंडप, भाषणं. प्रत्येक भाषणात लस पाहुण्यामुळेच आली होती, आणि पाहुणे पाच.

मंदा तोडीवरून परत आलेली. बारक्याला कडेवर घेऊन, सतरा नंबरचं कार्ड हातात धरून रांगेत पहिली. नर्सनं बारक्याचं वय विचारलं आणि सांगितलं, ही सुई दीड महिन्याच्या बाळापासून सुरू करायची. हा मोठा झाला. ह्याला बसत नाही.

मंदानं साहेबांकडं बघितलं. साहेब तिथंच होते, गळ्यात पाहुण्यांतला उरलेला हार. त्यांनी खूप समजावलं. नियम काय, वय काय, एवढ्या वयाच्या पोराला धोका कसा कमी. शेवटी म्हणाले, "तो आधीच्या गटातला आहे ना."

मंदा म्हणाली, "म्हंजी ज्यानं आधी नाक दिलं, त्याला नंतर काय न्हाई."

साहेबांनी हार काढला आणि चष्मा पुसला. मग वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. वर लिहिलं, 'अभिप्राय.'

मी मंदाच्या हाताकडं बघितलं. दोन-सहाची बांगडी मनगटात रुतत होती. पाचवा महिना लागला होता. तीच हळूच म्हणाली, "चाचा, बघताय काय? हिरव्या आणा आखाडात. ह्या खेपंला सुई सोडायची न्हाई."

*

मधल्या काळात फॉर्म भरायचं काम निघालं. फॉर्मात एक प्रश्न होता, 'घरात एका खोलीत किती माणसं झोपतात?' कारण दाटीत जंतू पसरतात.

द्वारकाबाईनं उलट विचारलं, "कोणत्या म्हैन्यात?"

साहेब म्हणाले, साधारण.

म्हातारीनं बोटांवर मोजत सांगितलं. उन्हाळ्यात खोलीत कुणी नाही, सगळी अंगणात. पावसाळ्यात नऊ. दिवाळीला जावई आला तर अकरा. दिवाळीनंतर ती आणि सांभाळायला ठेवलेलं नातवंड, कारण बाकीचे सगळे तोडीला.

फॉर्मावर चौकट एकच. साहेब म्हणाले, "सरासरी सांगा आजी."

ती म्हणाली, "ती कुठं झोपती मला काय ठावं?"

साहेबांनी चौकटीत पाच लिहिलं. त्या खोलीत पाच जण कधीही झोपले नाहीत.

पण खरी गंमत पुढंच. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, हे म्हातारीनं तोंडावर सांगितलं, सिस्टरनी लिहून घेतलं, साहेबांनी सही केली, आणि 'नंतर'ची फेरी ठरली जानेवारीत!

आता हे आमच्या बीडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण शहरातल्या कॅलेंडरात नाताळ असतो, संक्रांत असते, उसाचा गळीत हंगाम नसतो.

*

जानेवारीत आम्ही थंड पेटी, काड्यांचे डबे, फॉर्म सगळं घेऊन वाडीत शिरलो. दारांना कुलपं. पारावर सहा म्हातारे, आठ शेळ्या. एक शेळी साहेबांच्या यादीचं पान खायला आली. तिलासुद्धा बरेच दिवसांत नवीन काही मिळालं नव्हतं.

साहेबांच्या कागदात जोडी म्हणजे आई आणि मूल. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या भाषेत जोडी म्हणजे नवरा-बायको, तिला एक कोयता म्हणतात. जानेवारीत मुकादमाची जोडी चालते, साहेबांची नाही.

तरी तासाभरात सात आया पोरं घेऊन शाळेत आल्या. साहेबांचा चेहरा फुलला. मला संशय आला, कारण सातही जणींनी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. नाक दिलेल्या आईला अभ्यासातर्फे एक बादली मिळायची, हे साऱ्या वाडीला माहीत होतं.

मी म्हटलं, जरा हात दाखवा.

पहिलाच हात पुढं आला तो दोन-आठ. चाळीस वर्षांत त्या हातावर मी किती डझन बांगड्या फोडल्यात ते अल्लाला माहीत. मी म्हटलं, "साहेब, ही आई हाय. पण हिचं पोर पंचेचाळीस वर्षांचं हाय."

द्वारकाबाईनं पदर वर केला. जरासुद्धा लाजली नाही. म्हणाली, "नातवंडाला दूध मी पाजते, गू-मूत मी काढते, राती छातीला तेल मी चोळते. मग आई कोण? ती का मी? आन् ते जंतू काय माझं वय इचारून येत्यात?"

साहेबांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. मग तिला बादली दिली. बाकीच्या सहा जणींनीही पदर वर केले आणि सहा बादल्या गेल्या. नाक एकही मिळालं नाही.

*

त्या संध्याकाळी जीपमध्ये साहेब यादी धरून बसले होते. त्यांना एक नाव पाहिजेच होतं. सगळ्या यादीत एकच आई अशी, जिनं 'आधी'त मुलाबरोबर नाक दिलेलं आणि आता 'नंतर'मध्ये लेकीबरोबर बसणार होती. सतरा नंबर. मंदा.

मंदाला गौरी बसल्या त्या दिवशी पोरगी झाली होती, म्हणून नाव गौरा. दीड महिन्याची झाल्यावर पहिली सुई मिळाली, टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी. दुसरी साडेतीन महिन्यांची झाली की द्यायची. ती तारीख उलटून तीन आठवडे झालेले.

मी मंदाच्या नवऱ्याला फोन लावला. टोळी कुठल्या कारखान्यावर, कुठल्या फडात, हे मला तोंडपाठ. मंदा फोनवर आली. मी स्पीकर चालू केला. साहेबांनी फार प्रेमानं विचारलं की आम्ही तिकडं येतो, तू आणि बाळ नमुना द्याल ना?

मंदानं सांगितलं की दुसऱ्या सुईसाठी ती दोनदा तिथल्या दवाखान्यात जाऊन आली. दोनदा पाच-पाच किलोमीटर चालत. दोन्ही वेळा सांगितलं, तुमचं नाव आमच्या रजिस्टरला नाही, तुमच्या गावाकडं जा. सासूनं गावच्या नर्सला विचारलं तर ती म्हणाली, मूल इथं घेऊन या. आता पोरगी खोकतीय. पहिलीसारखी नाही, पण खोकतीय. हे ती सगळं शांतपणे बोलली.

शेवटी म्हणाली, "साहेब, मागल्या येळंला तुमी म्हनलात आधी काडी, नंतर सुई. ह्या येळंला मी सांगते. आधी सुई. नाक नंतर."

फोन बंद.

साहेबांनी यादी मिटली. मग म्हणाले, "चाचा, आपला अभ्यास निरीक्षणाचा आहे. आपण फक्त पाहायचं. मध्ये पडायचं नाही. मी लस दिली तर अभ्यास बिघडतो."

मी म्हटलं, "बरोबर हाय साहेब. पण बघायला तरी जावं लागंल ना?"

सिस्टरनी ड्रायव्हरला सांगितलं, उद्या पहाटे डिझेल भरून ये.

*

आता हा शेवटचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उसाच्या फडात पोहोचलो. फडातल्या बाया तुम्ही बघितल्यात का? साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे, पाचटानं अंग कापू नये म्हणून. अशा वीस-बावीस जणी मोळ्या बांधत होत्या. साहेब बांधावर उभे राहून ओरडले, "सतरा नंबर कोण?"

एकीनंही मान वर केली नाही.

साहेब म्हणाले, चाचा, तुमची विद्या दाखवा. मी ऐटीत पुढं झालो. म्हटलं, बायांनो, मनियार आलाय, हात दाखवा. बाया हसल्या, बाह्या वर केल्या. मी एकेक हात बघत गेलो. हा दोन-चार, हा दोन-आठ, हा दोन-चार. दोन-सहा एकही नाही. शेवटपर्यंत गेलो, परत आलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी विद्या फसली.

मग जिचा हात मी दोन-चार म्हणून सोडला होता, त्यांतल्याच एका बाईनं फडकं खाली केलं. मंदाच होती.

तिनं हात वर केला. मी आखाडात भरलेली दोन-सहाची हिरवी बांगडी सरकत सरकत कोपरापर्यंत गेली. ती म्हणाली, "चाचा, तुमची बांगडी मोठी झाली बघा."

मी ती बांगडी हळूच परत मनगटावर आणून ठेवली. 

गौरा शेजारी मोळीच्या सावलीत झोळीत होती. सिस्टरनी तिची छाती तपासली. म्हणाल्या, छाती साफ आहे, नाक वाहतंय एवढंच, सुई देता येईल. साहेबांनी तिच्या बरगड्या चढताना-उतरताना बघत घड्याळ लावून श्वास मोजले. मग पुन्हा मोजले. मग झोळीची दोरी नीट केली आणि म्हणाले, "दवाखाना कुठंय इथला?"

दवाखान्यातल्या नर्सनं साहेबांना बसायलाही सांगितलं नाही. बाळाचं गाव विचारलं. साहेब म्हणाले बीड. ती म्हणाली, "मग बीडला घ्या. आमच्या रजिस्टरला नाव नाही." साहेबांनी आधी मराठीत समजावलं, नंतर इंग्रजीत, की नियमानं कुठल्याही गावचं बाळ कुठंही लस घेऊ शकतं. मग एक फोन वर लावला, त्या फोननं आणखी वर लावला, आणि तासाभरानं उलटा फोन आला. नर्सनं फोन ठेवला आणि नवीन अडचण काढली.

"कुपी पाच बाळांची असते. एकासाठी फोडली तर चार डोस वाया जातात आणि जाब मला विचारतात. पाच बाळं आणा."

आम्ही नर्सला लशीच्या पेटीसकट जीपमध्ये घालून कोप्यांवर परत आलो, आणि माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं! जे फक्त निरीक्षण करायला आले होते, ते आधीनंतरसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोपीकोपीत वाकून विचारत फिरत होते, "ताई, घरात बाळ आहे का? कार्ड आहे का? कितवी सुई राहिली?"

मी मागून म्हटलं, "साहेब, आपन फक्त बघतोय ना?"

"गप्प बसा चाचा, आणि त्या कडेच्या कोपीत कोण रडतंय ते बघा."

बाळं निघाली सहा. नर्स म्हणाली, सहाव्यासाठी दुसरी कुपी, म्हणजे आणखी चार आणा. साहेब शेजारच्या टोळीच्या कोप्यांवर गेले. तिथं चार सापडली. दहा झाली. साहेब दहावं बाळ स्वतःच्या काखेत घेऊन विजयी मुद्रेनं निघाले, आणि मागच्या कोपीत अकरावं रडलं.

साहेब उभे राहिले. आभाळाकडं बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्यांना आणखी चार बाळं पाहिजे होती आणि पायात एक पाऊल टाकायची ताकद नव्हती.

नर्सनं ते पाहिलं. तिसरी कुपी तिनं फोडली. म्हणाली, "वर विचारलं तर तुमचं नाव सांगीन."

"सांगा," साहेब म्हणाले.

सगळ्यांत आधी सुई गौराला. रडली, थांबली. मंदानं कार्डावर सही-शिक्का घेतला, दोनदा निरखून बघितला, पिशवीत घातलं, पिशवी कमरेला खोचली. मग गौराला मांडीवर घेऊन सिस्टरसमोर बसली आणि नाकावरचा पदर काढला.

सिस्टरनी थंड पेटी उघडली. तेवढ्यात बघतो तर मागं रांग! बाकीच्या दहा आया, बाळं कडेवर, पदर खाली, नाकं वर.

साहेब म्हणाले, "तुमची गरज नाही ताई. तुम्ही जा."

पुढची म्हणाली, "कावून? सुई घेतली, काडी न घेता कसं जावं? आमी फुकट न्हाई घेत."

"तसं नाही हो. तुमची नाकं यादीत नाहीत."

रांग जागची हलली नाही. यादीत नाही, रजिस्टरला नाही, हे त्यांनी आयुष्यात भरपूर ऐकलं होतं. मंदानं गौराला एका हातानं खांद्यावर टाकलं आणि साहेबांकडं वळली.

"साहेब, तुमचं नाक हाय का यादीत?"

"नाही."

"मग आधी तुमचं. आमचं नंतर."

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मी साहेबांकडं. साहेबांनी चष्मा काढला. या खेपेला पुसला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि कोपीसमोरच्या मोळीवर बसून मान मागं टाकली.

मंदानं सिस्टरकडून काडी घेतली.

मी मागं जाऊन दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हटलं, "साहेब, वर बघा. चिमण्या मोजा."

"एक," साहेब म्हणाले.